आईंच्या मापाचं टेबल

आमच्या सासऱ्यांच्या गळ्यात अजूनही टेप असतो. शिलाईचं दुकान बंद झालं, मशीन पुतण्याकडे गेलं, पण सकाळी आंघोळ झाली की आधी शर्ट, मग चष्मा आणि मग टेप, याच क्रमाने ते तयार होतात. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मी बाबा म्हणते, आणि डोकं फिरलं की मीही मास्तर म्हणते. ते दोन्हीला सारखीच ओ देतात, म्हणजे देत नाहीत.

सुईच्या नेढ्यात दोरा जाईना झाला तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. दुकानातलं कापड बेतायचं मोठं टेबल, कापडाच्या फळ्या, गिऱ्हाइकांचा ट्रायलचा उंच आरसा आणि दोन जड इस्त्र्या घराच्या मागच्या खोलीत येऊन पडल्या. मला वाटलं होतं, ती खोली आता आपल्याला मिळेल. पण कोपऱ्यावरच्या सुतारमामांनी बाबांना एक जुनी करवत आणि एक रंधा दिला आणि माझ्या खोलीवर पाणी पडलं. बाबा लाकूडकाम करायला लागले. कसं करायला लागले ते विचारू नका. त्यांनी केलेल्या पहिल्या खुर्चीवर पाहुण्यांनी जीव मुठीत धरूनच बसावं. दुसरीचे तीन पाय उत्तम होते.

त्यांची बोली मात्र शिंप्याचीच राहिली. फळीला सुलटी बाजू आणि उलटी बाजू असते. कपाटाला पाठ असते, बाह्या असतात. पेन्सिल ते वापरत नाहीत, शिंप्याच्या खडूने खुणा करतात, आणि जिथे कापायचं तिथून बोटभर बाहेर दुसरी रेघ मारतात. कापडात शिलाईसाठी जास्तीचं जे सोडतात त्याला माया म्हणतात, ती ते लाकडालाही सोडायचे. सुतारमामा रोज चहाला येऊन हे बघायचे आणि कपाळाला हात लावायचे.

आता आईंबद्दल, म्हणजे माझ्या सासूबाईंबद्दल. आई ठेंगण्या, बाबा ताडमाड. घरातला आरसा लग्न झाल्यावर बाबांनी टांगला तो स्वतःच्या उंचीला. त्यात आईंना कपाळाच्या वरचं तेवढं दिसायचं. दुसरी कोणी असती तर आरसा खाली करून घेतला असता. आईंनी स्टूल आणलं. जन्मभर त्या स्टुलावर चढून केस विंचरत आल्या. आणि केस तरी कसले, पांढरे झाले तरी गुडघ्यापर्यंत पोचणारे, दाट. त्यांचा अंबाडा एकदा घातला की दिवसभर हलत नसे. बाईने दुसऱ्या कशाची कधी हौस केली नाही. अंबाड्याच्या बाबतीत मात्र त्या कोणाला ऐकायच्या नाहीत.

त्याच स्टुलावरून त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की स्टूल बंद, खाली बसणं बंद, आणि कमरेत पुढे वाकायचं नाही म्हणजे नाही. घरी आल्यावर आईंचे केस विंचरायचं काम माझ्याकडे आलं. माझा हात जड आहे, हे मी नाकारत नाही. मला तिकडे गॅसवर काहीतरी दिसत असायचं, इकडे कंगवा अडकायचा, मी ओढायचे. आई डोळे मिटून घ्यायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घातलेला अंबाडा दुपारपर्यंत मानेवर लोंबायला लागायचा, आणि त्या तो हाताने चाचपून बघायच्या. आरशासमोर त्या येईनाशाच झाल्या.

एका सकाळी कंगवा पुन्हा अडकला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "केस कापून टाकू या. मानेपर्यंत. मीही सुटेन आणि तूही सुटशील."

मी कंगवा तसाच धरून उभी राहिले. बाबा दाढी करत होते. त्यांचा हात गालावरच थांबला. फेस सुकेपर्यंत ते तसेच उभे होते, मग आमच्याकडे आले आणि म्हणाले की थांब, मी तुला बसून वापरायचं टेबल करून देतो, आरशासकट.

"तुम्ही?" आई म्हणाल्या. त्या एका शब्दात दोन्ही खुर्च्या आल्या.

बाबांनी ते मनावर घेतलं नाही. आरसा आपल्या उंचीला टांगला होता ही गोष्ट आई पडल्यापासून त्यांना खात होती. दवाखान्याच्या बाकावर बसून ते मला तसं म्हणालेही होते. शेवटी आईंनी अट घातली. टेबल होईपर्यंत त्या थांबतील. टेबलाशी बसून स्वतःचा अंबाडा स्वतःला घालता आला तर ठीक, नाहीतर त्याच दिवशी केस कापायचे आणि मग मध्ये कोणी चकार शब्द काढायचा नाही. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पार्लरवालीला निरोपसुद्धा पाठवून ठेवला. मी भाजी आणायला निघाले की ती दारातून विचारायची, झालं का हो टेबल?

सुतार टेबलाचं माप घेतो. बाबांनी आईंचं घेतलं. त्यांना खुर्चीवर बसवून बसल्या जागेपासून कोपरापर्यंत, कोपरापासून मानेमागे हात पोचतो तिथपर्यंत, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत. आई लाजल्या आणि लाजल्या म्हणून चिडल्या. जन्मभर यांनी नजरेच्या अंदाजाने माझे कपडे शिवले आणि आता म्हातारपणी टेप घेऊन आलेत, असं मला ऐकवत राहिल्या. आणि ताठ बसल्या. फोटोला बसावं तशा.

"ताठ नको," बाबा म्हणाले. "रोज बसतेस तशी बस."

मग त्यांनी खोक्यांचा पुठ्ठा जोडून खोटं टेबल उभं केलं. याला ते कच्ची शिलाई म्हणत होते. आईंची ट्रायल झाली. उंची बरोबर आली, गुडघ्यांना जागा बरोबर आली, पण एक घोटाळा निघाला. टेबलाची कड पोटाला लागायची आणि आरसा लांब राहायचा. नीट दिसायचं तर पुढे वाकायला हवं, आणि नेमकं तेच तर डॉक्टरांनी बंद केलेलं. टेबल अरुंद केलं तर खण बसेनात आणि आरसा उभा राहीना. बाबांनी पुठ्ठ्याला टाचण्या लावून बघितल्या, काढून बघितल्या. "बघू," म्हणाले. म्हणजे त्यांना काही सुचलेलं नव्हतं.

लाकूड कुठून आणायचं हा प्रश्नच त्यांच्या डोक्यात आला नाही. त्यांनी दुकानातलं बेतायचं टेबल सुटं केलं. ज्याच्यावर उभा जन्म कात्री चालवली ते टेबल, एकेक स्क्रू काढून. मी म्हटलं, बाबा, दुसरं लाकूड मिळेल. ते म्हणाले, मुरलेलं मिळणार नाही. वरची मोठी जाड फळी, पाय, आणि कापड ठेवायच्या पातळ फळ्या सगळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या. मग त्यांनी जे केलं ते जगात एखादा शिंपीच करू शकतो.

सुती कापड बेतायच्या आधी पाण्यात भिजवून, वाळवून घ्यावं लागतं. तसं केलं नाही तर पहिल्याच धुण्यात शर्ट आटतो आणि गिऱ्हाईक बाह्या कोपरापर्यंत चढलेल्या दाखवायला दारात उभं राहतं. मास्तरांनी जन्मभर हे पथ्य पाळलेलं. तेव्हा त्यांनी फळ्या भिजत घातल्या. आमच्या न्हाणीघरात, मोठ्या टबमध्ये, वर इस्त्र्या ठेवून. मी आंघोळीला गेले तर हे दृश्य. मी आवाज चढवला. ते आतल्या खोलीतून म्हणाले की आटायचं ते आधीच आटू दे, नंतर तक्रार नको. जाड फळी टबात मावत नव्हती म्हणून ती तेवढी वाचली. दुपारी त्यांनी ओल्या फळ्या गच्चीवर उन्हात मांडल्या, टोकं उचलून, खालून वारा लागावा म्हणून विटांवर. कौतुकाने मला दाखवायला नेलं.

उन्हाने आपलं काम केलं. फळ्या काढल्या तेव्हा त्यांच्यात सरळ अशी एकही नव्हती. सगळ्या पाळण्यासारख्या वाकल्या होत्या. सुतारमामा बघायला आले. आधी त्यांना कळलंच नाही, मग कळलं, आणि ते गच्चीच्या कठड्याला धरून खाली बसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चाळीस-पन्नास वर्षांत लाकूड धुणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. शेवटी डोळे पुसून त्यांनी सांगितलं की मास्तर, आता या बंबात घाला, दुसरा काही उपयोग नाही.

ही बातमी आईंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. मला म्हणाल्या, त्यांना म्हणावं, जमत नाही असं एकदा सांगून टाका, म्हणजे मी मोकळी होते. मी तो निरोप दिला. माझा आवाज नको तितका कोरडा निघाला, कारण मलाही आता या सगळ्याचा वीट आला होता. बाबांनी ऐकून घेतलं आणि मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं. त्या दिवशी त्यांनी टेप काढून खिळ्याला अडकवलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेऊन गेले तर बाबा खुर्चीत बसलेले, ती तीन पायांची, आणि एक वाकलेली फळी त्यांनी पोटाभोवती धरलेली. लहान मुलं ताट पोटाला लावून ढोल वाजवतात तशी. मला वाटलं, झालं, आता हेही गेले.

"सूनबाई," ते म्हणाले, "ही मला बसते बघ."

मी बघितलं. फळीचा बाक त्यांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंनी पुढे आला होता आणि मध्ये ते आरामात मावले होते. क्षणभर मला काही कळलं नाही, मग एकदम कळलं. टेबलाची कड सरळ असायला हवी असं कोणी सांगितलंय? मध्ये आत गोल घेतली तर आई टेबलाच्या आत शिरून बसतील. वाकायला नको, आरसा जवळ. बाबांनी चहाला हात लावला नाही. पुठ्ठ्याचं खोटं टेबल पुढे ओढलं, खडूने त्याच्या कडेला एक गोलाई काढली आणि मोठी कात्री चालवली. शर्टाला बाही जिथे जोडतात तिथली गोलाई ते डोळे मिटून कापत आले होते. ही तशीच, फक्त माणूस मावेल एवढी. तिथल्या तिथे आईंना बोलावून बसवलं. आई बसल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि बराच वेळ उठल्या नाहीत. अट मात्र मागे घेतली नाही. पुठ्ठ्यावर कशाला विश्वास टाकायचा?

तिथून पुढे घराला घरपण राहिलं नाही. भाजीत भुसा, उशीवर भुसा, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसच्या बुटात भुसा. मी ओरडत होते आणि रोज चारदा मागच्या खोलीत डोकावत होते. वाकलेल्या फळ्यांपैकी दोन शेजारी शेजारी वाळल्यामुळे जुळ्या बहिणींसारख्या सारख्या वाकल्या होत्या. त्या एकावर एक चिकटवून, शिकंज्यात आवळून त्यांनी पुढची गोल बाजू केली. बाक कमी असलेल्या फळ्या रंध्याने सारख्या करून खण केले. खणांना मुठी नाहीत, बोट घालायला लांबट भोक, त्याला ते काज म्हणत. आणि प्रत्येक खणाला आतून सुटाच्या उरलेल्या कापडाचं अस्तर. अस्तराशिवाय काम पुरं झालं असं ते मानत नाहीत.

राहिली ती मोठी जाड फळी. टबात न मावलेली, एकच, आणि तीत ती गोलाई कापायची. चुकलं तर परत कापायला दुसरी नव्हती. त्या सकाळी सुतारमामा चहा न मागता दारात उभे राहिले. बाबांनी पुठ्ठ्याचा नमुना फळीवर ठेवला, खडूने रेघ मारली, मग नेहमीप्रमाणे माया सोडून, फळीच्या कडेच्या बाजूला बोटभर अलीकडे दुसरी रेघ मारली आणि करवत त्या दुसऱ्या रेघेवर ठेवली.

"मास्तर, लाकूड उसवता येत नाही," सुतारमामा म्हणाले. ते हसत नव्हते.

"म्हणूनच कमी कापतोय," बाबा म्हणाले.

आणि त्यांनी कापलं. सुतारमामांनी दिलेल्या त्या जुन्या, अरुंद पात्याच्या करवतीने, न थांबता, जशी त्यांची कात्री चालायची तशी. मग आईंना बसवायचं, बघायचं, उठवायचं, घासायचं. पुन्हा बसवायचं, पुन्हा घासायचं. ती बोटभर माया त्यांनी पॉलिशपेपरने कणाकणाने उतरवली. आई कुरकुरत बसत होत्या, कुरकुरत उठत होत्या. पण बोलावलं की येत होत्या, हे मी बघत होते. शेवटी सुतारमामांनी त्या गोल कडेवरून तळहात फिरवला, परत फिरवला आणि चहा मागितला. त्यांच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

दुकानातला उंच आरसा बाबांनी आडवा करून बसवला. ज्या आरशात अख्ख्या वस्तीने आपले नवे कपडे पाहिले तो आता आईंच्या बसल्या उंचीला आला. बाजूला एक लहान आरसा बिजागरीवर, तो फिरवला की मानेमागचं मोठ्या आरशात दिसावं. टेबल मागच्या खोलीतून आईंच्या खोलीत नेलं तेव्हा दोन्ही दारांतून अलगद गेलं. माझ्या नवऱ्याने आश्चर्य व्यक्त केलं तर बाबा म्हणाले की गळा शिवायच्या आधी डोकं मोजायचं असतं.

अट आम्ही कोणी विसरलो नव्हतो. पार्लरवाली तर मुळीच नाही. टेबल आत गेल्याचं तिला कोणी सांगितलं देव जाणे, पण ती पिशवी घेऊन हजर झाली आणि पलंगाच्या कडेला बसली. पिशवीतून कात्रीचं टोक बाहेर आलं होतं. माझं सगळं लक्ष त्या टोकाकडे. बाबा दारात, गळ्यात टेप, त्याची दोन्ही टोकं हातात घट्ट धरलेली.

आई खुर्चीत बसल्या. खुर्ची मी पुढे सरकवली आणि त्या त्या गोलाईत आत गेल्या. कित्येक महिन्यांनी त्यांनी स्वतःकडे पाहिलं. किती वेळ पाहत होत्या मला सांगता येणार नाही. मग केस सोडले, पुढे घेतले आणि खालून विंचरायला लागल्या. टोकापासून, सावकाश, एक बट हातात धरून. असं विंचरायचं असतं हे मला तेव्हा समजलं. हात वर गेले, पीळ बसला, आणि अर्ध्यात खांदे थरथरले. हात खाली आले. सगळे केस पाठीवर पसरले.

पार्लरवालीने पिशवी जवळ ओढली, आणि मी तिच्याकडे असं बघितलं की तिने ती परत सोडली.

आईंनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली. गोलाईच्या दोन्ही बाजूंना टेबलाची टोकं पुढे आली होती, खुर्चीच्या हातांसारखी, आणि कोपरं तिथे आपोआप गेली. बरोबर तिथेच. खांदे सैल झाले. थोडा दम घेऊन त्यांनी पुन्हा केस पिळले. मध्ये एकदा परत कोपरं टेकवली, पण या वेळी केस एका मुठीत धरून ठेवले. मग हात उचलले, एक वेढा, दुसरा वेढा, टोक आत. तोंडातला आकडा काढून खोचला. लहान आरसा फिरवला, मोठ्या आरशात मानेमागचं पाहिलं, अंबाड्याला वरून हलकी थाप दिली. तो हलला नाही.

बाबांचा आवाज दारातून आला. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे तेच त्यांनी विचारलं. "कुठे दाटतंय का?"

"नाही," आई आरशातूनच त्यांच्याकडे बघत म्हणाल्या. "छान बसलंय."

बाबा चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. सुतारमामा बाहेर चपला घालत मोठ्याने नाक शिंकरत होते. मी रडले, उगाच कशाला लपवू. आईंनी मात्र आम्हाला फार वेळ दिला नाही. पार्लरवालीला म्हणाल्या की आलीच आहेस तर रिकाम्या हाताने कशाला जातेस, आमच्या सूनबाईच्या केसांना फाटे फुटलेत, ते काप.

मला त्यांनी स्वतःच्या खुर्चीत बसवलं. आणि मजा अशी की ते टेबल मला बसेना. गुडघे खणाला लागले, कोपरं लोंबकळत राहिली, आरशात माझं तोंड नाकापर्यंतच आलं. मी इकडे सरकून बघितलं, तिकडे सरकून बघितलं. आई बाजूला उभ्या राहून हसायला लागल्या. अगदी मनापासून, अंबाडा सांभाळत.

मी बाबांना म्हटलं की हे बरं आहे तुमचं, बायकोला राणीसारखं आणि सुनेच्या गुडघ्यांवर खण. मला पण पाहिजे. मला खरंच पाहिजे होतं. इतका हेवा मला आईंचा कधी वाटला नव्हता.

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, गळ्यातला टेप काढला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी पाठ सरळ केली.

"ताठ नको," ते म्हणाले. "रोज बसतेस तशी बस."